कासच्या फुलांवरून कापडाचा पॅटर्न करताना रंग कसे धरायचे

सप्टेंबर आला की सगळ्यांच्या फोनमध्ये साताऱ्याजवळच्या कास पठारावरच्या फुलांचे फोटो यायला लागतात आणि त्यावरून एखादा दुपट्टा नाहीतर कुशन कव्हर डिझाइन करावं असं बऱ्याच जणांना वाटतं. मग फोटोवर आयड्रॉपर ठेवायचा, जांभळा उचलायचा, पिवळा उचलायचा, पोपटी उचलायचा, भरून टाकायचे, आणि समोर येतं ते एकदम भडक, डोळ्यावर येणारं काहीतरी. रंग तर फुलांचेच होते ना? माझं ठाम मत आहे की घोळ फुलांच्या आकारात नसतो, प्रमाणात असतो. पठारावर झगझगीत रंग थोडा आणि मळकट रंग भरपूर असतो, म्हणजे गवताचा दबका हिरवा, ओल्या जांभ्याचा काळपट तांबडा, वर ढगांचा राखाडी. अगदी फुलांचा गालिचा म्हणतो तोसुद्धा झूम करून बघा, मधेमधे हिरवं-तपकिरी असतंच, आणि आपण नेमकं तेवढंच सोडून येतो.

तर सुरुवात फोटोपासून. फुलं तोडायची नाहीत हे सांगायला लागू नये, पश्चिम घाटाला 2012 मध्ये जागतिक वारसा म्हणून जो दर्जा मिळाला त्यात कास येतं, आणि तोडलेलं फूल तसंही तासाभरात मान टाकतं. फोटो ढगाळ उजेडात काढा आणि एक्सपोजर थोडं खाली ओढा, नाहीतर सोनकीच्या फुलांचा पिवळा जळून नुसता पांढरट ठिपका येतो. एका जागेचे दोन फोटो हवेत, एक जवळून (आकारासाठी) आणि एक लांबून (प्रमाणासाठी). लांबचा फोटो घरी येऊन इतका ब्लर करा की फूल ओळखू येणार नाही, नुसते रंगाचे डाग राहतील. आता अंदाज घ्या, कुठला रंग किती जागा खातोय ते. हेच तुमचं खरं पॅलेट, आणि ते लिहूनच ठेवा.

फुलं तीनच घ्या. मी सांगेन सीतेची आसवं, कावळा आणि गेंद. सीतेची आसवं जांभळट-निळी आणि इवलीशी, हे झाड किडे खातं, मुळांसारख्या भागावर बारीक पिशव्या असतात त्यात धरून. कावळा म्हणजे ज्याला लोक मिकी माऊस म्हणतात तो, पिवळ्या पाकळ्यांवर लालसर डाग, त्यामुळे एका फुलातच दोन रंग फुकट मिळतात. आणि गेंद म्हणजे बारीक दांडीवरची पांढरी बटणं, रिकाम्या जागा भरायला यासारखं दुसरं काही नाही.

रंगचक्रात पिवळ्याच्या बरोबर समोर जांभळा येतो (चित्रकारांच्या चक्रात हं, स्क्रीनच्या चक्रात पिवळ्यासमोर निळा दिसेल, गोंधळू नका). समोरासमोरचे रंग एकमेकांना उजळवतात, पण दोघांना सारखी जागा दिली तर भांडतात. पिवळा जात्याच सगळ्यात उजळ आणि जांभळा सगळ्यात गडद, म्हणून गटे या जर्मन कवीच्या आकड्यांवरून जुना हिशोब असा सांगतात की पिवळा एक भाग तर जांभळा तीन भाग. हा काही कायदा नाही पण सुरुवातीला फार उपयोगी पडतो. म्हणजे कावळ्याचं एक फूल तर आसवांचा चांगला घसघशीत झुपका.

आता मळकट रंग, आणि इथे घाई करू नका, सगळा जीव यातच आहे. पोस्टर कलरमध्ये करत असाल तर हिरव्यात काळा घालायचा नाही, काळ्याने तो मरतो, त्यात चिमूटभर लाल घालायचा, समोरचा रंग ना तो, मग तो दबतो पण जिवंत राहतो. थोडा घातला की शेवाळी, अजून घातला की ओल्या मातीकडे जाणारा तपकिरी, म्हणजे गवत आणि जांभा दोन्ही त्याच दोन ट्यूबमधून निघतात आणि म्हणूनच एकमेकांशी जुळतात. ॲपमध्ये करत असाल तर सॅच्युरेशनचा (म्हणजे झळाळीचा) स्लायडर मागे ओढा आणि हिरव्याचा ह्यू (म्हणजे रंगछटा) जरासा पिवळ्याकडे सरकवा. पिवळ्या कावळ्याला मात्र हात लावू नका, तो एकटाच पूर्ण झळाळीत राहू दे.

मग फोनवर ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर लावून बघा. जांभळी फुलं शेवाळी जमिनीत (म्हणजे डिझाइनच्या मागच्या रंगात) गडप झाली? होणारच, दोघांचा गडदपणा सारखा आहे. रंग वेगळे असले तरी उजळपणा सारखा असला की लांबून सगळं एकच दिसतं. अशा वेळी जांभळ्यात पांढरा घालून तो फिकट करा, किंवा जमीनच बदला, श्रीखंडी नाहीतर राखाडी घ्या. दोन्ही करून बघा, एकाच डिझाइनचे दोन वेगळे मूड मिळतात.

अजून एक, रंग कधी एकटा पारखू नका. पॅरिसच्या गोबलँ या विणलेल्या चित्रपडद्यांच्या कारखान्यात शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगाईचा प्रमुख होता, तिथे तक्रार आली की काळा धागा फिका पडतोय, त्याने तपासलं तर रंगात खोट नव्हतीच, शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे तो काळा तसा दिसत होता. यावर त्याने 1839 मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. आपल्याला यातून घ्यायचं ते एवढंच, की गेंदाचा पांढरा जांभळ्याशेजारी किंचित पिवळट दिसतो, तर त्या जागी पांढऱ्यात निळ्याचा एक थेंब टाका.

आता टाइल, म्हणजे कापडभर पुन्हा पुन्हा लावायचा डिझाइनचा चौकोन. ती कागदावर करायला सोपी आहे. 16 सेंमीचा चौकोन घ्या, मधोमध चित्र काढा, कडा कोऱ्या ठेवा. उभा मधून कापा, डावा तुकडा उजवीकडे नेऊन मागून टेप लावा, तसंच आडवं कापून वरचा खाली. आता कोऱ्या कडा मध्ये आल्या, तिथे गेंद आणि गवताची पाती भरा, फक्त बाहेरच्या कडेला स्पर्श करू नका. आता ही टाइल शेजारी-शेजारी ठेवली की जोड दिसत नाही. पण सरळ रांगेत लावली तर फुलांच्या ओळी दिसतात, आणि पठारावर फुलं ओळीत कुठे असतात? त्यासाठी हाफ ड्रॉप करायचा, म्हणजे पुढचा उभा रकाना 8 सेंमी खाली सरकवायचा. त्यात मात्र डाव्या-उजव्या कडेला येणारी फुलं परत जुळवून घ्यावी लागतात, तेव्हा मोठी फुलं त्या कडांपासून लांबच ठेवा.

प्रिंटला देताना 6 इंचाच्या टाइलला 1800 पिक्सेल म्हणजे 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके), एवढं पुरतं. स्क्रीनवरचा झगझगीत जांभळा कापडावर तसाच उतरत नाही, तो जरा मंदच येतो, म्हणून आधी हातभर तुकडा मागवा, ज्या कापडावर करायचंय त्याच कापडावर. तो एकदा खिडकीच्या उजेडात आणि एकदा घरातल्या दिव्याखाली बघा, एकदा धुवा, आणि मगच पाच मीटरची ऑर्डर द्या.