आंत्रप्रेन्युअरशिपचा पेपर नुसता पास करायचा नसेल तर काय करायचं

लास्ट इयरला हा विषय आला की अर्धी पोरं सिनियरची बिझनेस प्लॅनची फाइल आणतात, नाव बदलतात, सबमिट करतात, झालं. मार्क मिळतात, डोकं तिथंच राहतं. ज्यांना यातून खरंच काही काढायचंय त्यांच्यासाठी हे.

पहिल्या लेक्चरलाच वहीत लिहून ठेवा, मी धंदा करेन का, 10 पैकी किती, आणि का. याचं काम शेवटी आहे.

मग प्लॅन बाजूला ठेवा. सरस सरस्वती म्हणून मूळच्या भारतीय प्राध्यापक आहेत, अमेरिकेत असतात, त्यांनी 27 मुरलेल्या उद्योजकांना एकच काल्पनिक धंदा देऊन ते विचार कसा करतात ते बघितलं आणि 2001 मध्ये मांडलं की ही माणसं टार्गेट ठरवून पैसा शोधत बसत नाहीत, मी कोण, मला काय येतं, मी कोणाला ओळखतो इथून सुरू करतात आणि किती मिळतील याच्या आधी किती बुडाले तर चालतील ते बघतात. तुम्हीही तेच करा. घरी सांगावं लागणार नाही एवढीच रक्कम काढा, 500 तर 500.

आता माणसांशी बोला, आणि इथेच सगळे गंडतात. समजा हॉस्टेलला डबे द्यायची आयडिया आहे. "आमचा डबा घेशील का" असं विचारू नका, मित्र हो म्हणणारच, तोंडावर नाही म्हणायला आपल्याकडे जड जातं. विचारा, मागच्या वेळी मेस बंद होती तेव्हा काय खाल्लंस, किती गेले? बहुतेक जण मॅगी म्हणाले तर तुमच्या 90 रुपयांच्या डब्याला तिथे गिऱ्हाईक नाही, भांडी घ्यायच्या आधी कळलं ते बरंच झालं. आणि होकार कधी मोजायचा, तर यूपीआयवर ॲडव्हान्स आला की. बाकी सगळं प्रेम.

सेमिस्टर संपल्यावर तो 10 पैकीचा आकडा परत लिहा. कमी झाला तर विषय फुकट गेला असं अजिबात समजू नका. जर्मनीतल्या एका युनिव्हर्सिटीत हा कोर्स कंपल्सरी होता, 2010 मध्ये आलेल्या त्यावरच्या अभ्यासात पोरांचा धंद्याकडचा कल सरासरीने थोडा घटलाच, पण आपल्याला हे जमणार की नाही याबद्दल बऱ्याच जणांना जास्त खात्री आली. ट्युनिशियात तर पदवीच्या प्रबंधाऐवजी बिझनेस प्लॅन लिहायचा पर्याय दिला, सुरुवातीला स्वतःचं काम करणारे थोडे वाढले, चार वर्षांनी तो फरक टिकला नव्हता. म्हणून कॉलेजं "आमच्याकडून इतके स्टार्टअप निघाले" असे बॅनर लावतात ना, त्यावरून विषय कसा शिकवला ते मला तरी कळत नाही.

आकडा वाढलाच असेल तर एमसीईडीच्या, म्हणजे महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राच्या, ट्रेनिंगची चौकशी करा, लोनच्या योजनांसाठी जिल्हा उद्योग केंद्रात जा. सरांना लागणारी फाइल आता लिहा, निदान त्यातले आकडे तुमचे असतील.