तोंडात बसवायचं स्लीप ॲप्नियाचं उपकरण: या चुका टाळा

घोरणं थांबलं, आता सगळं ठीक, असं धरून चालणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत घशातली वाट बंद पडून श्वास पुन्हापुन्हा अडणं. त्यासाठीचं हे उपकरण झोपेत खालचा जबडा पुढे धरून ठेवतं. त्याबरोबर जीभ पुढे येते आणि घशातली वाट मोकळी राहते. वाट थोडी मोकळी झाली तरी आवाज बंद पडतो, श्वास अडणं मात्र चालू राहू शकतं. म्हणून जबड्याची जागा ठरली की उपकरण तोंडात ठेवूनच पुन्हा स्लीप टेस्ट करायची. एएचआय, म्हणजे तासाला किती वेळा श्वास अडला किंवा उथळ झाला, तो आकडा जुन्या रिपोर्टशी ताडून पाहा. २२ चा १४ झाला तर फरक पडला खरा, पण काम अर्धंच झालंय. जबडा अजून पुढे घ्यायला वाव आहे का, की सीपॅपच (मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र) लागेल, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.

दुसरी गडबड होते ती घाईमुळे. जबडा पूर्ण मागे नेल्यापासून पूर्ण पुढे येईपर्यंतचं अंतर १० मिमी असेल, तर सुरुवात साधारण ५ ते ७ मिमीवर करतात. तिथून पुढे उपकरणावरच्या स्क्रूने पाव-अर्धा मिमी सरकवायचं, काही रात्री थांबायचं, मग पुढची पायरी. लवकर गुण यावा म्हणून एका रात्रीत स्क्रूचे चार-पाच वेढे दिले की सकाळी कानापुढचा सांधा ठणकतो आणि उपकरण कपाटात जातं. दुखलं तर वापर सोडू नका, एक पायरी मागे या आणि डेंटिस्टला कळवा. दोन्ही बाजूंना स्क्रू असतील तर वेढे सारखेच हवेत. एकीकडे जास्त झाले तर जबडा तिरका धरला जातो आणि एकाच बाजूला दुखतं. तारीख, डावीकडचे वेढे, उजवीकडचे वेढे, एवढं वहीत लिहिलं तरी हा घोळ टळतो.

सकाळी उपकरण काढल्यावर दाढा थोडा वेळ नीट जुळत नाहीत. त्यासाठी दिलेला चावायचा तुकडा लोक पहिल्या महिन्यातच हरवतात! तो रोज चावा. दुपारपर्यंतही दाढा टेकत नसतील तर लगेच दाखवा. दात वर्षानुवर्षं हळूहळू सरकतात आणि ते आरशात कळत नाही.

ऑनलाइन मिळणारं, गरम पाण्यात मऊ करून चावायचं उपकरण स्वस्त असतं, पण त्यातल्या बहुतेकांत जबडा मिमीमिमीने पुढे घेता येत नाही. दात हलत असतील, पायरिया असेल किंवा दातच कमी असतील तर कुठलंही उपकरण घेण्याआधी तपासणी हवीच, कारण सगळा जोर दातांवर येतो.

धुताना कोमट पाणी, मऊ ब्रश, साधा साबण. उकळत्या पाण्याने प्लास्टिक वाकतं, टूथपेस्टने चरे पडतात आणि त्यात वास धरतो. नवी कॅप किंवा फिलिंग करायचं असेल तर उपकरण सोबत घेऊन जा. नाहीतर त्या रात्री ते बसणारच नाही.