किंचित म्हातारपण: गूढ शब्दकोडे सोडवावे कसे आणि समजावून सांगावे कसे

‘किंचित म्हातारपण (२)’

हे गूढ शब्दकोड्यातले एक सूत्र, म्हणजे उत्तराकडे नेणारा संकेत. साध्या शब्दकोड्यांना सरावलेला माणूस इथे पिकलेले केस, सुरकुत्या, चाळिशी असले काहीतरी शोधत बसतो. उत्तर आहे ‘जरा’. जरा म्हणजे किंचित आणि जरा म्हणजे म्हातारपणही. पहिला ज ‘जागा’मधला, दुसरा ‘जीव’मधला. उच्चार वेगळे, पण लिहिताना दोन्ही सारखेच, आणि चौकटीत जाते ते फक्त लिहिलेले. कंसातला आकडा घरांचा. मराठीत एका घरात एक अक्षर बसते, काना-मात्रा किंवा जोडाक्षर असले तरी घर एकच.

शब्दकोडे म्हणून आज आपण जे ओळखतो ते २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात आर्थर विन यांनी छापले. ते सरळ होते: अर्थ वाचा, शब्द लिहा. निव्वळ गूढ सूत्रांची कोडी पुढे इंग्लंडमध्ये रुजली. ‘टॉर्क्वेमाडा’ या टोपणनावाने एडवर्ड पॉविस मॅथर्स १९२६पासून ‘ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्रात ती रचू लागले. त्यांच्यानंतरच्या ‘आफ्रिट’ या कोडेकाराने १९४९मध्ये या खेळाचा करार एका वाक्यात मांडला. त्याचा आशय असा: मी जे बोलतो तेच मला म्हणायचे असेल असे नाही, पण जे म्हणायचे आहे ते मी बोललेच पाहिजे. म्हणजे कोडेकाराने चकवावे, फसवू नये.

या कराराचा व्यवहारातला अर्थ असा की प्रत्येक सूत्रात उत्तराकडे जाणाऱ्या दोन वाटा असतात. एक सरळ अर्थाची, म्हणजे व्याख्या. दुसरी अक्षरांच्या खेळाची, किंवा ‘जरा’सारखी त्याच शब्दाच्या दुसऱ्या अर्थाची. दोन्ही एकाच शब्दापाशी पोचतात आणि तिसरे काही सूत्रात नसते.

म्हणून पहिले काम, सूत्राने डोळ्यांपुढे उभे केलेले चित्र पुसून टाकायचे. ‘आजी वनवासात लपवते आयुष्य (३)’ वाचून रामायणात शिरू नका.

दुसरे काम, व्याख्या शोधायची. ती सूत्राच्या सुरुवातीला असते किंवा शेवटी, मधे नसते. मराठीत इथे एक मोठी सोय आहे. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. उत्तर मूळ रूपात हवे असेल, तर व्याख्येचा मुख्य शब्दही बहुधा मूळ रूपातच असतो. वरच्या सूत्रात ‘वनवासात’ला प्रत्यय लागला आहे, शेवटचे ‘आयुष्य’ मोकळे आहे. तीच व्याख्या.

आता तिसरे काम, खूण पकडायची. ‘लपवते’ सांगते की उत्तर समोरच्या अक्षरांत दडले आहे: आ-जी-व-न-वा-सा-त. जीवन. अशी सूत्रे सर्वांत सोपी. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी हीच टिपावीत.

विस्कटणे, चुरगळणे, गोंधळ, गडबड असे शब्द दिसले की अक्षरांची जागा बदलायची. ‘गडबडीत गरज म्हणजे घड्याळाची हाक (३)’ यातून ‘गरज’चा ‘गजर’ होतो. ‘नदी उलटली की गरीब (२)’ मध्ये नदीची दीन होते. ‘मरा मरा’ म्हणता म्हणता ‘राम राम’ होण्याची वाल्याची गोष्ट आठवा, युक्ती तीच. कधी नुसते तुकडे जोडायचे असतात: ‘जराशा पावसानंतर दरवाजा उघडतो सेनानी (४)’, सर अधिक दार, सरदार. कधी एखादे अक्षर गळते: ‘कमानीचे डोके उडाले तरी शाबूत प्रतिष्ठा (२)’. उत्तर ‘मान’. डोके उडाल्यावर मान उरतेच म्हणा!

इंग्रजी कोड्यांत सारख्या उच्चाराच्या शब्दांवर बरीच सूत्रे असतात. आपण बोलतो तसे बऱ्यापैकी लिहीत असल्यामुळे तो खेळ मराठीत फारसा रंगत नाही. त्याचा वचपा व्याकरण काढते. हे सूत्र पाहा:

‘हल्ल्यात नकार घुसवतो झाडावरचा उपद्व्यापी (३)’

व्याख्या शेवटी, ‘झाडावरचा उपद्व्यापी’. घाईत कोणीही ‘माकड’ लिहील. अर्थ जुळतो, घरेही तीन. पण मग हल्ला कुठे गेला? नकार कुठे गेला? हे दोन शब्द बेवारस राहतात, म्हणून उत्तर चुकले. हल्ला म्हणजे वार. आणि नकार? व्याकरणात अक्षराच्या नावाला ‘कार’ जोडतात: अकार, मकार, नकार. तेव्हा नकार म्हणजे फक्त ‘न’ हे अक्षर. ‘चकार शब्द’मधला चकारही असाच वापरता येतो. वारमध्ये न घुसवला की वा-न-र. ‘हल्ल्यात’मधला ‘त’सुद्धा इथे फुकट नाही, आत घालायचे हे तोच सांगतो. मला तर या सूत्रात सर्वांत देखणा तोच वाटतो.

समजावून सांगतानाही हाच हिशेब कागदावर मांडायचा. आधी उत्तर, मग व्याख्या, मग तुकडे आणि खूण. ‘वानर: व्याख्या झाडावरचा उपद्व्यापी, वार (हल्ला) यात न (नकार), खूण घुसवतो.’ एवढे पुरे. ‘उत्तर आडव्या-उभ्या शब्दांवरून आले’ हे स्पष्टीकरण नव्हे. तसे उत्तर जरूर लिहावे, पण पेन्सिलीने, आणि शेजारी प्रश्नचिन्ह ठेवावे. एखादा शब्द हिशेबात बसत नसेल तर एक तर उत्तर चुकलेले असते, नाही तर कोडेकार. माझ्या बाबतीत बहुतेक वेळा पहिलेच निघते.

सूत्र अडले तर त्याच्याकडे टक लावून बसू नये. पुढचे घ्यावे, छेदणारी दोन अक्षरे मिळवावीत आणि परत यावे. एखादा शब्द पहिल्यांदा नाम वाटला असेल तर या वेळी तो क्रियापद म्हणून वाचून पाहावा. ‘कर’ म्हणजे हात, सरकारी वसुली आणि आज्ञाही.

सरावासाठी हे एक, दोन पायऱ्यांचे. आधी समानार्थी शब्द, मग खूण: ‘उलटी चढलेली वेल धरते ठेका (२)’. उत्तरासोबत स्पष्टीकरणही लिहा.