नकाशे काढायचं सॉफ्टवेअर बदलताय? मग या चुका टाळा

आमच्या बेळगावात घर एकदाच बांधून होत नाही. शहापूर, वडगाव, अनगोळ, कुठंही बघा. आधी तळमजला, थोरल्याचं लग्न ठरलं की वरचा मजला, धाकट्याच्या वेळी गच्चीवर पत्रे. त्यामुळं १९९९ साली नकाशा करून नेलेला माणूस पंचवीस वर्षांनी आमच्या नकाशांच्या ऑफिसात येतो आणि सहज विचारतो, "सर, आमचा नकाशा असंल की तुमच्याकडं?"

असतो. सीडीत असतो. बेळगावचे पंचवीस पावसाळे खाऊन त्या सीडीला बुरशी आलेली असते. नाहीतर फाईल निघते आणि उघडत नाही. किंवा उघडते आणि अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं.

मी हातानं, टी-स्क्वेअर आणि रॉटरिंग पेनवर सुरुवात केली, मग कॉम्प्युटरवर रेषा मारायचं ऑटोकॅड आर-१४, नंतर थ्रीडीचं स्केचअप, आणि पन्नाशी दिसायला लागल्यावर रेविट, ज्यात रेषा नाही, भिंती-खिडक्या घालून अख्खं घरच उभं करायचं. दर उडीत काहीतरी सांडलं. जे सांडलं ते खाली लिहितोय.

आज उघडतंय म्हणून निर्धास्त राहणं

ऑटोकॅडच्या डीडब्ल्यूजी फाईलची घडण २०००, २००४, २००७, २०१०, २०१३ आणि २०१८ या आवृत्त्यांत बदलत गेली. नवं सॉफ्टवेअर जुनी फाईल उघडतं, जुनं नवी उघडत नाही. यावर इलाज सोपा आहे: जुन्या आवृत्तीत सेव्ह करून पाठवा, किंवा समोरच्याला फुकट मिळणारं डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू टाकायला सांगा.

रेविटमध्ये ही सोय नाही. फाईल एकदा नव्या आवृत्तीत सेव्ह झाली की मागं फिरता येत नाही. आरसीसी कन्सल्टंट २०२२ वर आणि तुमच्या ऑफिसातल्या मुलानं उत्साहात २०२४ वर सेव्ह केलं, की बसा. कामाच्या पहिल्या दिवशी आवृत्तीचं साल ठरवा आणि काम संपेपर्यंत ते बदलू नका.

काम संपलं की प्रत्येक शीटची पीडीएफ आणि एक डीएक्सएफ (दुसऱ्या कॅड सॉफ्टवेअरलाही वाचता येणारी फाईल) वेगळी ठेवा. जोडलेल्या एक्सरेफ (बाहेरच्या ड्रॉइंग फाईली) आणि फॉन्ट ऑटोकॅडच्या ई-ट्रान्समिट या सोयीनं एकत्र बांधा. माझ्याकडचा १९९४ चा ट्रेसिंग पेपर अजून उघडतो. सुरळी सोडली की झालं.

मापाचा घोळ

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. जागेचा मालक गुंठ्यात बोलतो (एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट), मंजुरीला चौरस मीटर लागतात, गवंडी फूट-इंचात काम करतो. त्यात उद्यमबागेतल्या कारखान्यात मशीनचे पार्ट काढून आलेला ड्राफ्ट्समन ऑफिसात लागला की तो हातच्या सवयीनं मिलिमीटरमध्येच काढणार. त्याचा दोष नाही, तिथलं जग मिलिमीटरचंच आहे.

शेडवाल्याचं मिलिमीटरमधलं ड्रॉइंग आपल्या इंचाच्या फाईलमध्ये घातलं आणि ते पंचवीस पट मोठं आलं, तर घाबरू नका. एकाच्या फाईलमध्ये एकक लिहिलेलंच नाही, एवढाच अर्थ. तीन फुटी दार शोधून मोजा. ३६ आलं तर इंच, ९१४ आलं तर मिलिमीटर, ०.९१४ आलं तर मीटर. मग आधी इन्सयुनिट्स (फाईलचं एकक सांगणारी सेटिंग) दुरुस्त करा, ड्रॉइंग नंतर घाला. अंदाजानं स्केल करत बसू नका.

पंचवीस पटीची चूक निदान दिसते तरी. चार टक्क्यांची दिसत नाही. हातानं काढायचो तेव्हा आमचं स्केल एक अष्टमांश इंचाला एक फूट, म्हणजे १:९६. टेम्प्लेट (कोऱ्या शीटचा नमुना) मेट्रिक केलं आणि प्रिंट १:१०० वर निघू लागली. अनगोळच्या एका कामावर एका खोलीचं माप लिहायचं राहिलं. मेस्त्रींनी खिशातली जुनी पट्टी लावली आणि बारा फुटांची खोली साडेअकरा फुटांची आखली. पाया भरल्यावर मालक म्हणाले, "काटकोन बरोबर हाय हो, पण पलंग कुठं ठेवायचा?" तो पाया माझ्या पैशानं सरकला.

तेव्हापासून प्रत्येक शीटवर स्केलची पट्टी काढलेली असते, प्रत्येक खोलीचं माप लिहिलेलं असतं, आणि प्रिंट काढताना 'फिट टू पेपर'ची खूण पुसलेली आहे का, हे मी स्वतः बघतो.

अक्षरं आणि नावं

आपल्या भागात शीटवर मराठी येतं, कन्नड येतं, इंग्रजी तर असतंच. जुन्या ड्रॉइंगमधलं मराठी श्रीलिपीत, कन्नड नुडीत. तो फॉन्ट नव्या मशीनवर नसला की देवळाच्या सभागृहाचं नाव इंग्रजी अक्षरांच्या खिचडीत वाचावं लागतं. यापुढं युनिकोडच वापरा. फक्त टेक्स्ट स्टाईलला ऑटोकॅडचा एसएचएक्स फॉन्ट ठेवलात तर देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात, तिथं निर्मला यूआयसारखा विंडोजचा फॉन्ट लावा. जोडाक्षरं पडद्यावर नको, कागदावर तपासा.

१ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं इंग्रजी नाव बदलून बेळगावी झालं. ज्यांचा टायटल ब्लॉक (शीटवरचा नाव-पत्त्याचा चौकोन) एकाच फाईलमधून सगळीकडं जोडलेला होता, त्यांचं काम दहा मिनिटांचं. आमच्याकडं कुणीतरी तो फोडून प्रत्येक शीटवर सुटा करून ठेवलेला. चालू कामांच्या दोनशे शीट, एकेक करून.

रेविटमध्ये कॅड काढणं

भिंत न घालता रेषा मारायच्या, खिडकीच्या जागी चौकोन. मग सेक्शन काढला की रिकामा कागद. मी पहिले सहा महिने हेच केलं आणि सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या. आयत्या टेम्प्लेटमधल्या भिंती आपल्या नसतात. आधी आपल्या भरा: नऊ इंची वीट २३० मिलिमीटर, साडेचार इंची ११५, खानापूरकडची चिऱ्याची भिंत, मंगळुरी कौलाचं छप्पर उतारासकट. आठवडा जातो, जाऊ द्या. आणि चालू कामावर हा प्रयोग करू नका, एखादं छोटं आऊटहाऊस घ्या.

ऑनलाइन मंजुरीला ठरावीक नावांचे लेयर (ड्रॉइंगचे थर) आणि बंद पॉलीलाइन (टोकं जुळलेली सलग रेषा) लागतात. खानापूरचं काम आणि हद्दीपलीकडचं चंदगडचं काम, दोन राज्यं, दोन नियम. रेविटमधून फाईल बाहेर काढताना लेयरची नावं त्याच्या मनानं येतात, रेषा सुट्या होतात. एक्स्पोर्टच्या सेटिंगमध्ये दोन्हीकडच्या नावांचे दोन तक्ते करून ठेवा. फाईल अडकली तर आधी ओव्हरकिल (एकावर एक पडलेल्या रेषा काढून टाकणारी कमांड), मग तुटलेल्या रेषा जोडा.

लायसनचं थोडक्यात. पूर्वी लायसन म्हणजे प्रिंटरच्या पोर्टमध्ये खोचायचं लॉक. नव्या कॉम्प्युटरला ते पोर्टच नाही, संपलं. २०१६ मध्ये ऑटोडेस्कनं नवी कायमची लायसन विकणं थांबवलं, आता भाडं. ते परवडत नसेल तर ब्रिक्सकॅडसारखे पर्याय आहेत, पण पैसे भरण्याआधी आपली सगळ्यात जड फाईल आणि आपले लिस्प (कॅडसाठी लिहिलेले छोटे प्रोग्रॅम) त्यात चालवून बघा. लिब्रेकॅड फुकट आहे, पण डीडब्ल्यूजी सेव्ह करत नाही. क्रॅकबद्दल मी बोलणार नाही, सगळ्यांना माहीत आहे.

तो १९९९ चा माणूस. सीडी काही उघडली नाही. शेवटी त्याच्याच घरी ट्रंकेत उताऱ्यासोबत आठ घड्या घातलेली अमोनिया प्रिंट निघाली, जांभळट, पण वाचता येण्यासारखी. मी ती आनंदानं रेविटमध्ये काढून घेतली आणि मग टेप घेऊन घरी गेलो. जिना नकाशात होता तिथं नव्हताच. वडिलांनी गवंड्याला सांगून पलीकडं घेतला होता, म्हणाला.