ठेंगण्या गाडीत बसणे आणि उतरणे : गुडघ्यांना जपणारी पद्धत

साठी-सत्तरीनंतर अनेकांना गाडीतल्या प्रवासापेक्षा गाडीत बसण्याचा आणि त्याहून अधिक उतरण्याचा त्रास होतो. खुर्चीतून उठताना आपण नकळत पावले मागे घेतो, अंग पुढे झुकवतो आणि मग उभे राहतो. अल्टोसारख्या लहान किंवा डिझायरसारख्या सेडान गाडीत हे सहज जमत नाही, कारण सीट मागच्या बाजूला कललेली असते, दाराचा उंबरठा पावलांच्या आड येतो आणि छत डोक्याला लागेल इतके खाली असते. त्यात बहुतेकजण एक पाय आत टाकतात, दुसऱ्या पायावर सगळा भार घेतात आणि कंबर पिळत स्वतःला आत लोटतात. झिजलेल्या गुडघ्याला हा पीळ फार बाधतो. म्हणून बसताना आधी सीटवर टेकावे आणि दोन्ही पाय नंतर एकदम आत घ्यावेत. उतरताना दोन्ही पाय आधी बाहेर काढावेत आणि मगच उठावे.

गाडी कुठे उभी आहे, याकडे पहिल्यांदा लक्ष द्यावे. सोय व्हावी म्हणून चालक गाडी फुटपाथला अगदी चिकटून लावतात, पण उंच फुटपाथवर उभे राहून ठेंगण्या गाडीत बसायचे म्हणजे फुटपाथच्या उंचीइतके आणखी खाली जावे लागते. त्यापेक्षा गाडी दोन-तीन फूट दूर लावायला सांगावी, म्हणजे दोन्ही पावले रस्त्यावर सपाट टेकतात आणि दारही पूर्ण उघडते. ज्येष्ठांना मानाने मागच्या सीटवर बसवण्याची आपल्याकडे रीत आहे. ठेंगण्या गाडीत मात्र चालकाशेजारची सीट बहुतेकदा अधिक सोयीची ठरते. ती मागे सरकवता येते, तिची पाठ थोडी कलती करता येते आणि सेडानमध्ये मागच्या दारावर उतरत येणारे छत तेथे आड येत नाही. हातातली पिशवी व काठी आधी दुसऱ्याकडे द्यावी.

बसताना सीटकडे पाठ करून, पोटऱ्यांना उंबरठ्याचा स्पर्श होईपर्यंत मागे यावे. डावा हात सीटच्या पाठीवर आणि उजवा डॅशबोर्डवर ठेवावा. दारावर भार टाकू नये, कारण ते हलते. टाकायचाच असेल तर कोणीतरी ते घट्ट धरून ठेवावे. हनुवटी छातीकडे घेऊन, कंबरेतून पुढे वाकून, सावकाश टेकावे आणि मग थोडे मागे सरकावे. त्यानंतर गुडघे जवळ ठेवून खांदे, कंबर आणि पाय एकाच वेळी पुढच्या दिशेला वळवावेत. कापडी सीटवर अंग अडकत असेल, तर प्लास्टिकची गुळगुळीत पिशवी अंथरल्याने वळणे सोपे जाते, पण गाडी सुरू होण्यापूर्वी ती आठवणीने काढावी, नाहीतर ब्रेक लागताच माणूस पुढे घसरू शकतो. नऊवारी किंवा पाचवारी नेसलेल्या बाईंनी निऱ्या एका हाताने किंचित उचलून धराव्यात आणि दार लावण्याआधी पदर आत घ्यावा.

उतरताना घाई अजिबात करू नये, कारण पडण्याची भीती याच वेळी जास्त असते. गाडी थांबल्यावर पट्टा सोडावा, सीट मागे घ्यावी आणि दोन्ही पाय एकदम बाहेर वळवावेत. मग एकेक कुल्ला पुढे सरकवत सीटच्या अगदी कडेला यावे. पावले खांद्यांइतकी लांब ठेवून, उंबरठा आड येईल तिथपर्यंत टाचा मागे घ्याव्यात. एक हात सीटच्या कडेवर आणि दुसरा डॅशबोर्डवर रोवावा, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतके पुढे झुकावे आणि हातांनी खाली रेटा देत उठावे. पुढे झुकायची अनेकांना भीती वाटते, पण भार पावलांवर आल्याशिवाय गुडघे अंग उचलू शकत नाहीत. दारामधल्या खांबाला धरायचे असल्यास मागचे दार कोणी लावत किंवा उघडत नाही ना, हे आधी पाहावे; तेथे बोटे चिरडण्याचा धोका असतो. उभे राहिल्यावर लगेच चालू लागू नये. बराच वेळ बसून उठल्यावर रक्तदाब क्षणभर उतरून चक्कर येऊ शकते, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर.

मदत करणाऱ्यांना एक कळकळीची विनंती आहे : हात धरून ओढू नका आणि काखेत हात घालून उचलू नका. त्याने खांदा दुखावतो आणि तोलही जातो. आपला हात पुढे करून आजी-आजोबांना तो धरू द्यावा, दुसरा हात त्यांचे डोके आणि छताची कड यांच्यामध्ये ठेवावा, आणि उठण्याची वेळ त्यांनाच ठरवू द्यावी. दाराच्या खांबावरील कुलपाच्या कडीत अडकवायची सुटी मूठ बाजारात मिळते. तिचा आधार चांगला मिळतो, मात्र ती आपल्या गाडीच्या कडीत घट्ट बसते का, हे आधी तपासावे.

खुब्याचा सांधा बदलला असेल, तर कंबर व मांडी यांच्यातला कोन ९० अंशांपेक्षा कमी होऊ नये, अशी सूचना पुष्कळदा दिली जाते. अशा वेळी घट्ट उशी ठेवून सीट उंच करावी; मऊ उशी दबते आणि बसणारा पुन्हा खोल जातो. उशीवर बसल्यावरही पट्ट्याचा खालचा भाग पोटावर न येता कंबरेच्या हाडांवर आला पाहिजे.

नवी गाडी घ्यायची असेल, तर सीट जमिनीपासून साधारण आपल्या कुल्ल्यांच्या उंचीवर येते का, ते पाहावे. १९९८ची सँट्रो आणि १९९९ची वॅगन आर यांच्या उंच बांध्याचा हाच मोठा फायदा होता. उंच एसयूव्हीत उलट चढावे लागते आणि उतरताना पाऊल खाली चाचपावे लागते. शोरूममध्ये घरातल्या ज्येष्ठांना सोबत न्यावे, रोजच्या कपड्यांत आणि रोजच्या चपलांत दोन-तीनदा बसून उठायला सांगावे, आणि मगच पैसे भरावेत.