सोप्रानो व्हायचंय? मग आवाजाची घाई करू नका

सोप्रानो म्हणजे पाश्चात्त्य संगीतातला बायकांचा सगळ्यात उंच आवाज, आणि त्या आवाजात गाणारी गायिकाही. आधी पट्टीचं बोलू, कारण आपल्याकडे गोंधळ तिथेच होतो. काळी चारला सा धरून गाणारी मुलगी तार पंचमाला पोचली की घरच्यांना वाटतं बास, आता ऑपेरा. सोप्रानोला त्याच्याही वर पाच सूर चढायचे असतात, तिचा हाय सी (पियानोच्या मधल्या सी पासून दोन सप्तकं वरचा सूर) म्हणजे काळी चारच्या हिशोबात अतितार सप्तकातला शुद्ध गंधार. आणि तो माइकशिवाय, अख्ख्या ऑर्केस्ट्राच्या वरून शेवटच्या रांगेत ऐकू गेला पाहिजे. हे दोन वर्षांत होत नाही, आठ-दहा वर्षं धरून चाला.

सुरुवात कॉयरपासून, म्हणजे समूहगायनापासून करा. मुंबईत परांजोती अकॅडमी कोरस 1956 पासून आहे, गोव्यात कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे, आणि चर्चच्या कॉयरमध्ये तर कित्येक जणींचा कान तयार झालाय. नोटेशन बघून लगेच गाता येणं, थोडाफार पियानो, ट्रिनिटी नाहीतर एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षांच्या ग्रेड, हे सगळं इथेच होतं. जर्मन मॅक्समुलर भवनात शिकायला घ्या, आत्ताच घ्या, ते का ते पुढे येईलच. इटालियन आणि फ्रेंच गाण्यापुरती तरी यावीच लागते, म्हणजे उच्चार पाठ करून चालत नाही, कुठल्या शब्दावर काय अर्थ आहे ते कळायला हवं.

तंत्रातली एकच गोष्ट इथे नीट सांगते, बाकीचं गुरूसमोरच शिकायचं. वरच्या सुरावर 'ई' म्हणून बघा. तोंड अर्धवट मिटलेलं राहतं आणि आवाज बारीक, चिरका येतो. कारण 'ई' म्हणताना घशा-तोंडातली पोकळी साधारण तीनशे हर्ट्झच्या आसपास घुमते आणि सूर तर सातशे-आठशेला जाऊन बसलेला असतो, मग पोकळीची मदत मिळणार कुठून. म्हणून वर जाताना जबडा हळूहळू सैल सोडायचा, 'ई' ला 'आ' कडे झुकू द्यायचं, की पोकळी सुराशी जुळते आणि जोर न लावता आवाज मोठा होतो. (एवढ्या वरच्या सुरांवर शब्द कळत नाहीत ते याच्यामुळेच, गाणारीचा आळस नसतो तो.) आरशासमोर पाच सुरांचा अलंकार 'ई' वर घ्या, एकेक पट्टी चढवत जा, हनुवटी पुढे यायला लागली किंवा मानेच्या शिरा दिसल्या की तिथेच थांबा. त्या दिवशी त्याच्या वर जायचं नाही.

आता मुख्य मुद्दा, कुठल्या वयात काय गायचं. इटलीतल्या मोदेनाची सोप्रानो मिरेल्ला फ्रेनी घ्या, माझ्या मते या बाबतीत तिच्यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. 1955 मध्ये विशीत असताना तिनं गावातच 'कार्मेन'मधली मिकाएला गायली. मग मोझार्ट, मग 1963 मध्ये मिलानच्या ला स्काला ऑपेरा हाऊसमध्ये कंडक्टर कारायानसोबत 'ला बोएम'ची मिमी. तेव्हा सगळं जग पायाशी होतं, तरी 'आयडा'सारखी जड भूमिका तिनं साल्झबर्गला घेतली ती 1979 मध्ये, चाळिशी उलटल्यावर. 'मादाम बटरफ्लाय' रेकॉर्ड केली, फिल्ममध्ये केली, पण अख्खी रंगमंचावर कधीच नाही. कारायाननं 'तुरांदोत'साठी विचारलं तर चक्क नाही म्हणाली. आणि 2005 मध्ये, सत्तराव्या वर्षी, वॉशिंग्टनमध्ये ऑपेरात गाऊनच निवृत्त झाली. पन्नास वर्षं टिकला तो आवाज.

म्हणून विशीत सुझाना, झेर्लिना, पामिना असल्या मोझार्टच्या हलक्या भूमिका गा. तोस्का, तुरांदोत आंघोळ करतानाही नको. जो शिक्षक एकोणिसाव्या वर्षी तोस्काचा आरिया (ऑपेरातलं एकटीनं गायचं गाणं) हातात देतो तो शिक्षक बदला, मग त्याचं नाव कितीही मोठं असो.

बाहेर शिकायला जायचं तर दोन मोठे रस्ते. पहिला ब्रिटन. तिथल्या बहुतेक कॉन्झर्वेटरींचे, म्हणजे संगीत महाविद्यालयांचे, अर्ज आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतात, हे खूप जणींना उशिरा कळतं. फी प्रचंड आहे, स्कॉलरशिपशिवाय विचार करू नका. मुंबईत जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ लंडनच्या गिल्डहॉलमध्ये शिकल्या, संगीतकार जॉन टॅव्हनरनं खास त्यांच्या आवाजासाठी रचना केल्या, आणि 2016 मध्ये मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस पुन्हा उघडलं तेव्हा त्याच गायल्या, म्हणजे हा रस्ता इथून निघतो हे नक्की. दुसरा जर्मनी. तिथल्या सरकारी संगीत महाविद्यालयांत बहुतेक ठिकाणी फी नसते किंवा थोडी असते, पण जर्मनचं सर्टिफिकेट मागतात. शिवाय गावोगावी सरकारी पैशावर चालणारी ऑपेरा हाऊसेस आहेत आणि त्यांच्यात पगारी नोकरी मिळते, महिन्याला पगार, विमा, वर्षाला पाच-सहा भूमिका. शिकायला यासारखी जागा नाही.

ऑडिशनला साधारण पाच आरिया तयार लागतात, वेगवेगळ्या भाषांतले, त्यात एक मोझार्टचा हवाच. पहिला तुम्ही निवडता, दुसरा ते सांगतात, म्हणून पहिला तो ठेवा जो ताप असतानाही गाता येतो. पियानोवाल्यासाठी पानं स्वच्छ, फाइलमध्ये लावलेली, कट पेन्सिलनं दाखवलेले. लय सांगताना टिचक्या वाजवू नका, त्याच्या कानाशी दोन ओळी हळू गुणगुणा. मध्येच थांबवलं तर घाबरायचं नाही, त्यांना हवं ते ऐकून झालेलं असतं.

कॉन्सर्टचं काम कमी समजू नका, ऑपेराच्या दोन सीझनच्या मधल्या काळात घर त्याच्यावरच चालतं. हँडेलचा 'मसाया', बाखची पॅशन्स (येशूच्या दुःखभोगाची कथा), मोझार्ट आणि ब्राम्सचे रेक्वियम (मृतांच्या स्मरणाची रचना) एवढं तयार असलं तर कुणी आजारी पडलं की ऐनवेळी तुम्हाला फोन येऊ शकतो. ब्राम्सच्या रेक्वियममध्ये एक अडचण आहे. सात भागांपैकी सोप्रानो फक्त पाचव्यात गाते, म्हणजे आधीचे चार भाग सगळ्यांसमोर गप्प बसायचं आणि मग थंड आवाजानं उठून वरचे हळुवार सूर धरायचे. तेव्हा चौथा भाग चालू असताना ओठ मिटून, कुणाला दिसणार नाही असं, श्वासावर अगदी हलकं गुंजन करत राहा, पाण्याचा घोट घ्या, आणि पायाचे तळवे जमिनीवर नीट टेकवून बसा. मोठ्या पोशाखात कंबर आवळलेली नसावी, बसून बघितल्याशिवाय पोशाख घेऊच नका.

पैशाचं थोडक्यात. फ्रीलान्स असाल तर फी बहुतेक करून प्रयोगाला मिळते, रिहर्सलच्या आठवड्यांची वेगळी नाही, आणि घसा बसून प्रयोग रद्द केला तर तेवढे पैसे गेले. एजंट टक्केवारी कापतो, कॉन्ट्रॅक्टवर सही करण्याआधी किती आणि कशावर ते वाचा. रिहर्सलला रोज पूर्ण आवाजात गाऊ नका, अर्ध्या आवाजात गायची पद्धत सगळीकडे मान्य आहे, कंडक्टरला आधी सांगायचं एवढंच.

आणि जड भूमिकेची ऑफर आली की त्याच दिवशी हो म्हणू नका. स्कोअर (संपूर्ण ऑपेराची स्वरलिपी) मागवा, सलग तीन दिवस पूर्ण भूमिका सुरुवातीपासून शेवटपर्यंत गा, आणि चौथ्या दिवशी सकाळी मोझार्टचा एखादा हलका आरिया हळू आवाजात गाऊन बघा. वरचे हळू सूर आधीसारखेच सहज लागले तर विचार करा, नाही लागले तर पत्र लिहून नम्रपणे नकार कळवा आणि पुढच्या सीझनला दुसरं काय आहे ते विचारा.