कॅनिस्टरमध्ये मीडिया भरण्याआधीची तयारी

माशांच्या टाकीबाहेर ठेवायच्या बंद डब्याच्या, म्हणजे कॅनिस्टर फिल्टरचा मीडिया (आतलं गाळण्याचं साहित्य) स्वतः भरायचा ठरला की बहुतेक जण आधी सिरॅमिक रिंग्ज, म्हणजे जिवाणूंना राहायला सच्छिद्र कड्या, घेऊन येतात. आमचा आग्रह उलटा आहे. आधी स्पंज घ्या, भरपूर घ्या, आणि उरलेल्या जागेत रिंग्ज भरा. फिल्टर लवकर निकामी होतो तो अमोनिया संपवणाऱ्या जिवाणूंना जागा कमी पडली म्हणून नव्हे, तर त्यांच्या जागेत गाळ शिरला म्हणून. रिंगच्या बारीक छिद्रांवर विष्ठेचा, उरलेल्या खाद्याचा आणि कुजक्या पानांचा चिकट थर बसला की आतल्या छिद्रांपर्यंत पाणी पोचतच नाही. मग रिंग कितीही महागाची असो, काम फक्त बाहेरच्या पृष्ठभागावर होतं. गाळ हाताला सहज लागेल अशाच ठिकाणी अडवायचा, एवढं एक धरून पुढची तयारी करायची आहे.

काहीही उघडण्याआधी आजचा प्रवाह मोजून ठेवा. १० लिटरची बादली स्टुलावर ठेवा, आउटलेटच्या पाइपचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीइतकंच उंच धरा आणि बादली भरायला किती सेकंद लागतात ते बघा. पाइप त्याहून खाली धरला तर सायफनची ओढ मिळते आणि आकडा फसवा येतो. ३६,००० ला त्या सेकंदांनी भागलं की तासाला किती लिटर पाणी फिरतं ते कळतं: ४५ सेकंद म्हणजे ८०० लिटर, ६० सेकंद म्हणजे ६००. खोक्यावर छापलेला आकडा बहुधा रिकाम्या डब्याचा असतो. मीडिया, पाइप आणि कोपरे जमेस धरले की त्याच्या अर्धा ते दोन तृतीयांश प्रवाह हाती येतो. चार फूट बाय दीड बाय दीडची टाकी काठोकाठ जवळपास २५५ लिटरची; वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली की जवळपास २०० लिटर. तिला ताशी ७०० ते ८०० लिटर खरा प्रवाह पुरतो, म्हणजे खोक्यावर १२०० ते १४०० लिहिलेला फिल्टर.

मग टोपल्या मोजा. प्रत्येक टोपलीत प्लास्टिकची पिशवी पसरा आणि लिटरच्या मापाने पाणी ओतत जा. टोपली किती लिटरची आहे ते कळलं की खरेदीत अंदाजपंचे उरत नाही. पाणी डब्यात कुठून कसं जातं हेही याच वेळी बघून घ्या. बहुतेक मॉडेलमध्ये ते कडेने तळाशी उतरतं, टोपल्यांमधून वर चढतं आणि झाकणातल्या पंपाने बाहेर पडतं, म्हणून सगळ्यात घाण पाणी तळाच्या टोपलीला लागतं. काही मॉडेलमध्ये मात्र स्पंज बाजूला उभे असतात आणि टोपल्यांतून पाणी वरून खाली येतं. ‘तळाला जाड स्पंज’ हा नियम डोळे मिटून लावला आणि डबा दुसऱ्या जातीचा निघाला, तर सगळा क्रम उलटा बसतो.

आता साहित्य. स्पंज पीपीआयवर घ्या, म्हणजे इंचात किती छिद्रं आहेत त्यावर. २० पीपीआय जाड, ३० मध्यम, ४५ बारीक. चार टोपल्यांच्या, टोपलीमागे दीड लिटरच्या फिल्टरला २० आणि ३० पीपीआयचा ५ सेंटीमीटर जाडीचा प्रत्येकी एक तुकडा पुरतो, पण दोन्हींचा एकेक जादा घ्या. धुतलेला वाळत असताना दुसरा आत असतो. इनटेकच्या (टाकीतलं पाणी ओढणाऱ्या पाइपच्या) जाळीवर चढवायला मधे भोक असलेला २० पीपीआयचा गोल स्पंज हवाच. सगळ्या यादीत सगळ्यात स्वस्त वस्तू तीच आणि सगळ्यात जास्त काम तीच करते. तिच्यामुळे कॅनिस्टर उघडण्याची वेळ काही आठवड्यांऐवजी काही महिन्यांनी येते, शिवाय गप्पीची पिल्लं आणि झिंगे आत ओढले जात नाहीत.

गादीवाल्याकडचा फोम आणू नका. त्यात छिद्रं पुरती मोकळी नसतात, पाणी अडतं, आणि आग किंवा ढेकूण यांच्यासाठी त्यावर काय मारलंय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. कूलरचे मधमाशीच्या पोळ्यासारखे पॅडही नकोत. ते प्रक्रिया केलेल्या कागदाचे असतात आणि पाण्यात कुजतात. काथ्या तर नकोच, तो कुजतो आणि पाणी तांबडं करतो. भांडी घासायची प्लास्टिकची घासणी मात्र उत्तम चालते: साबण न लावलेली, तारेची नसलेली, निव्वळ प्लास्टिकची. ती तुंबत नाही, चेपत नाही, वर्षानुवर्षं टिकते. दीड लिटरच्या टोपलीत मध्यम आकाराच्या सहा ते आठ घासण्या सैलसर मावतात.

जैविक थरासाठी दोन ते अडीच लिटर सिरॅमिक रिंग्ज, सिंटर्ड ग्लास (सच्छिद्र काच), लाव्हा रॉक किंवा प्युमिस (हलका सच्छिद्र दगड), यातलं काहीही घ्या. बोन्साय आणि निवडुंगासाठी विकला जाणारा १ ते २ सेंटीमीटरचा लाव्हा रॉक रिंग्जइतकाच कामाचा असतो. प्युमिस कोरडा असताना तरंगतो; तो चार-पाच दिवस बादलीत बुडवून ठेवा, नाहीतर टोपलीचं झाकण वर ढकलत राहतो. आपला सातारा-सांगलीचा भाग अख्खा बेसाल्टचा आहे म्हणून क्रशरवरची खडी चालेल का, असं बरेच जण विचारतात. ती घट्ट असते, तिला छिद्रं नसतात, जिवाणूंना उपयोग नाही. सच्छिद्र काळा दगड सापडलाच तर त्याच्या पोकळ्यांतले पांढरे खडे बघा: त्यात कॅल्साइट असू शकतं आणि ते पाण्याचा जडपणा वाढवतं. व्हिनेगरचे थेंब टाकून फेस आला तर दगड बाद. कास, महाबळेश्वरकडचा जांभा दिसायला अगदी लाव्हा रॉकसारखा, पण तो झरतो, तांबडी माती सोडतो आणि महिन्याभरात इम्पेलरपर्यंत, म्हणजे पंपाच्या फिरत्या पंख्यापर्यंत, चिखल पोचवतो. त्यातून कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथला दगड तिथेच राहू द्या.

रिंग्ज थेट टोपलीत ओतू नका. नायलॉनच्या बारीक जाळीच्या अर्ध्या अर्ध्या लिटरच्या पिशव्या शिवून घ्या, चार ते पाच लागतील. पुढे धुताना दोनच पिशव्या बाहेर काढता येतात, बाकीच्या जिवाणूंना धक्का लागत नाही. याशिवाय फिल्टर वूल (गाळणीचा कापूस), सिलिकॉन ग्रीस, इम्पेलरसाठी आणि पाइपसाठी लांब ब्रश, जादा ओ-रिंग (झाकणाची रबरी कडी), अमोनिया आणि नायट्राइटचं टेस्ट किट, फक्त टाकीसाठी राखलेल्या दोन बादल्या, मास्किंग टेप आणि पेन हाताशी ठेवा. ओ-रिंगला खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली लावायची सवय मोडा. अशा तेलांनी काही प्रकारचं रबर फुगतं, झाकण नीट बसत नाही, आणि खोबरेल साताऱ्याच्या थंडीत गोठतं ते वेगळंच.

स्पंज कापताना टोपलीच्या मापापेक्षा चारही बाजूंनी ५ मिलिमीटर मोठा कापा. कोरडा स्पंज कटरखाली सरकतो आणि कड वेडीवाकडी येते. ओला करून, पिळून फ्रीजरमध्ये घट्ट होऊ द्या आणि मग दातेरी सुरीने कापा, कड सरळ येते. कडेला फट राहिली तर पाणी स्पंजमधून न जाता त्या फटीतून निघून जातं. मग स्पंज महिनोन्‌महिने स्वच्छ दिसतो आणि मालक खूश होतो, पण गाळ सगळा रिंग्जमध्ये जमत असतो. उघडल्यावर स्पंज कोरा आणि रिंग्ज तपकिरी दिसल्या तर दोष फटीचा आहे, दुसरा शोधू नका.

भरताना तळाच्या टोपलीत २० पीपीआयचा ५ सेंटीमीटर स्पंज आणि त्यावर जागा उरली तर दोन-तीन घासण्या. दुसरीत ३० पीपीआयचा स्पंज. तिसरीत रिंग्जच्या पिशव्या, पण दाबून नाही. टोपली हलवली की पिशव्या किंचित सरकल्या पाहिजेत. चौथीत उरलेल्या पिशव्या आणि सगळ्यात वर फिल्टर वूलचा जेमतेम १ सेंटीमीटर थर. वूल जास्त टाकलं तर पंपाला पाणी पुरत नाही, तो घरघरतो आणि गरम होतो. वूल तळाला टाकलं तर आठवड्याभरात चोंदतं. तीनच टोपल्या असतील तर रिंग्ज कमी करा, स्पंजला हात लावू नका, कारण स्पंजवरही जिवाणू वाढतातच. कार्बन (पाण्यातली औषधं शोषणारा कोळसा) कायम ठेवायची गरज नाही. औषधोपचार संपल्यावर उरलेलं औषध काढायला तीन-चार आठवडे टाका आणि काढून फेका. औषध चालू असताना कार्बन आत असेल तर तो ते औषधच शोषून घेतो.

पाण्याची तयारी गावाप्रमाणे वेगळी. सांगलीचं नळाचं पाणी कृष्णेचं. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की तुरटी आणि टीसीएल (क्लोरीनची) पावडर दोन्ही वाढतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर निदान ५० लिटर साठवलेलं पाणी घरात ठेवण्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पूर असताना मीडियाची कामं काढू नका, ती मे महिन्यात किंवा दिवाळीनंतर करा. नळाच्या पाण्यातला क्लोरीन जिवाणू मारतो, म्हणून मीडिया धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच. नवीन पाण्यातला क्लोरीन काढायला १०० ग्रॅम हायपो (सोडियम थायोसल्फेट) पाण्यात विरघळवून एकूण १ लिटर द्रावण करा. ग्रामपंचायतीत क्लोरीन मोजायला वापरतात त्या ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्टने क्लोरीन लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंत आला तर ५० लिटरला या द्रावणाचे ७ ते ८ मिलिलिटर पुरतात.

सातारा शहराच्या काही भागात कास तलावाचं पाणी येतं. पावसाचं साठलेलं असं पाणी सहसा मृदू असतं, आणि तिथे वेगळीच अडचण येते. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करताना जिवाणू जवळपास ७ मिलिग्रॅम क्षारता संपवतात. केएच (कार्बोनेट जडपणा, म्हणजे हीच क्षारता) ३ च्या खाली असेल तर पीएच घसरतो आणि कितीही चांगला मीडिया भरला तरी जिवाणू मंदावतात. अशा वेळी मूठभर कोरलचा किंवा शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत भरून शेवटच्या टोपलीत ठेवा. जत, आटपाडीकडे बोअरचं जड पाणी असेल तर तो मुळीच टाकू नका. तिथे उलट हीटर, इम्पेलरचा दांडा आणि रिंग्ज यांवर पांढरा क्षार चढतो. दांडा अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवून, धुऊन परत बसवा. रिंग्जना मात्र व्हिनेगर लावू नका.

चालू फिल्टरमध्ये बदल करताना एका वेळी एक तृतीयांश मीडियाच बदला आणि पुढच्या बदलाआधी तीन ते चार आठवडे जाऊ द्या. या काळात एक दिवसाआड अमोनिया आणि नायट्राइट तपासा. काहीही दिसलं तर खाद्य निम्मं करा आणि २५ टक्के पाणी बदला. नवा डबाच बसवणार असाल तर जुन्या फिल्टरचा स्पंज अर्धा कापून नव्याच्या तळाला घाला. नाहीतर जिवाणू पुरेसे वाढायला तीन ते सहा आठवडे लागतात आणि तोवर मासे अमोनियात राहतात.

वीज गेल्यावर काय, हेही आधीच ठरवून ठेवा. बंद डब्यात पाणी थांबलं की जिवाणू उरलेला प्राणवायू संपवतात. पाणी २५ अंशांवर असताना त्यात प्राणवायू लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या थोडा वर मावतो, ३० अंशांवर साधारण साडेसात, म्हणून सांगलीच्या उन्हाळ्यात हा वेळ आणखी कमी. दोन-तीन तासांवर वीज येणार नाही अशी चिन्हं असतील तर डबा उघडा, आतलं पाणी ओता आणि टोपल्या टाकीच्या पाण्यात बॅटरीवरच्या एअर पंपाखाली ठेवा. बराच वेळ बंद राहिलेला डबा तसाच चालू केला तर आतलं कुजकं पाणी थेट टाकीत जातं. फिल्टर इन्व्हर्टरवर लावायचा असेल तर प्युअर साइन वेव्हचाच हवा. स्क्वेअर वेव्हवर ही मोटर घुमते आणि तापते.

जोडताना ओ-रिंग आणि तिची खाच कापडाने पुसून घ्या. तिथे वाळूचा एक कण राहिला तरी झाकण गळतं. ग्रीसचा पातळ हात फिरवा, टोपल्यांचे दांडे एकावर एक नीट बसलेत का बघा, झाकण दाबून समोरासमोरच्या क्लिपा एकदम लावा. पाइप गरजेपुरताच लांब ठेवा, लोंबणाऱ्या वळणात हवा अडकते. डबा आधी पाण्याने भरा, व्हॉल्व्ह उघडा, मग प्लग लावा. वायर बोर्डापेक्षा खाली झोल देऊन न्या, म्हणजे थेंब ओघळले तरी बोर्डात शिरणार नाहीत. पहिले २४ तास डबा परातीत, खाली वर्तमानपत्र घालून ठेवा. कागद कोरडा राहिला तरच कपाटात सरकवा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बादली आणि स्टॉपवॉच घ्या, कारण पहिल्या दिवशी आत हवा उरलेली असते. तो सेकंदांचा आकडा आणि तारीख टेपवर लिहून झाकणाला चिकटवा. इनटेकचा स्पंज सात ते दहा दिवसांनी, वूल महिन्याने, इम्पेलर दोन-तीन महिन्यांनी साफ करायचा. तळाचे स्पंज मात्र तारखेने नाही, आकड्याने. ४५ चे ६५ सेकंद झाले म्हणजे प्रवाह जवळपास एक तृतीयांश घटला, तेव्हाच ते काढा. रिंग्जच्या दोन पिशव्या सहा महिन्यांनी टाकीच्या पाण्यात खळबळून घ्या, उरलेल्या त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी, आणि ज्या दिवशी पिशव्या धुवाल त्या दिवशी स्पंजला हात लावू नका.